दामोदर धर्मानंद कोसंबी : संशोधनाचे मोल आणि माप

एखाद्या विद्वानाच्या कार्याचे मोल कशावरून ठरवावे? त्याच्या पदवीवरून, पदावरून, लेखांच्या संख्येवरून, की ते लेख ज्या नियतकालिकांत छापले गेले त्यांच्या लौकिकावरून? विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून हा प्रश्न आज जगभर चर्चिला जात आहे. त्याचा विचार करू पाहणाऱ्यास गोमंतकात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्राइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. गणित, संख्याशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत ग्रंथांचे संपादन आणि प्राचीन भारताचा इतिहास या सर्व क्षेत्रांत त्यांनी मूलगामी काम केले. त्या प्रत्येक कामाला त्यांच्या काळाने काही ना काही माप लावले, आणि बहुतेक वेळा ते माप अपुरे पडले.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन या गावी झाला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे थोर अभ्यासक होते. विद्येच्या ओढीने त्यांनी घर सोडले आणि नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा खडतर प्रवास करून ज्ञान मिळविले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती देऊ केली. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि संस्थानासाठी वर्षाकाठी एखादे पुस्तक लिहून द्यावे, एवढीच त्यामागील अट होती. अभ्यासकावर विश्वास ठेवून त्याला मोकळीक देण्याची ही रीत मराठी समाजाच्या सांस्कृतिक इतिहासात संस्मरणीय ठरली आहे.

याच धर्मानंदांना संशोधनाच्या श्रेयाचा दुसरा अनुभव अमेरिकेत आला. हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करण्यासाठी धर्मानंदांना पाचारण करण्यात आले. परंतु संपादक म्हणून कोणाचे नाव छापावे याविषयी त्यांचे आणि तेथील प्राध्यापक लॅनमन यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये धर्मानंद स्वदेशी परतले. पुढे त्यांनी पुन्हा जाऊन काम केले. मात्र तो ग्रंथ छापून बाहेर आला तो १९५० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. कष्ट कोणाचे आणि नाव कोणाचे, हा वाद दामोदरांना असा घरातूनच परिचित झाला होता.

१९१८ मध्ये धर्मानंद पुन्हा हार्वर्डला निघाले तेव्हा अकरा वर्षांचे दामोदर आणि त्यांची थोरली बहीण माणिक ही मुले त्यांच्यासोबत होती. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे दामोदरांचे शालेय शिक्षण झाले. मधला काही काळ ते भारतात येऊन राहिले आणि १९२६ मध्ये हार्वर्डला परतले. तेथे बर्कहॉफ हे नामांकित गणितज्ञ त्यांचे गुरू होते. या तल्लख विद्यार्थ्याने केवळ गणितावर लक्ष एकवटावे अशी त्यांची इच्छा होती. दामोदरांनी मात्र निरनिराळे विषय आणि अनेक युरोपीय भाषा यांचा व्यासंग केला. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत बी.ए. होऊन ते भारतात परतले. बी.ए. हीच त्यांची अखेरची विद्यापीठीय पदवी ठरली. डॉक्टरेट त्यांनी कधीच घेतली नाही. पदवीच्या मापाने मोजायचे तर पुढील सदतीस वर्षांचे त्यांचे सारे संशोधन एका पदवीधराचे संशोधन होय!

काशी हिंदू विश्वविद्यालयात दोन वर्षे अध्यापन केल्यावर १९३१ मध्ये ते अलिगढला गेले. आंद्रे वेल हे तरुण फ्रेंच गणितज्ञ तेव्हा तेथे होते. त्यांच्या सूचनेवरून कोसंबींनी त्याच वर्षी एक खोडकर लेख लिहिला. बूरबाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या सिद्धान्ताचा विस्तार आपण करीत आहोत, असे त्यात दाखविले होते. वस्तुतः असा कोणी गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. तरीही लेख संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत रीतसर छापला गेला. पुढे वेल आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांनी हेच नाव धारण करून गणिताची ख्यातनाम ग्रंथमाला लिहिली. विद्वत्तेच्या लेखात दिलेला संदर्भ खरा की खोटा हे तो ग्रंथ शोधून उघडल्याखेरीज कळत नाही, ही गोष्ट या थट्टेने सहज दाखवून दिली. संदर्भांची नुसती मोजदाद करणाऱ्या पुढील काळाला हे उदाहरण आजही उपयोगी पडावे.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्यास आले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. येथील बारा वर्षे त्यांच्या बुद्धीला सर्वाधिक बहर आणणारी ठरली. त्याच वर्षी भूमितीतील पथ-अवकाशांविषयीचा त्यांचा लेख जर्मनीतील 'मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट' या अग्रगण्य पत्रिकेत प्रसिद्ध झाला आणि त्याला जोडून थोर फ्रेंच भूमितिज्ञ एली कार्तां यांचे त्यावरील टिपण छापले गेले. पुढे १९३९ मध्ये चर्न या चिनी गणितज्ञांनी याच विषयाचा विस्तार केला. आज हा भाग कोसंबी-कार्तां-चर्न सिद्धान्त या नावाने ओळखला जातो. १९३४ मध्ये कोसंबींना रामानुजन स्मृती पारितोषिकही मिळाले. प्रस्थापित मापे आणि प्रत्यक्ष गुणवत्ता यांचा मेळ त्यांच्या आयुष्यात असा काही वेळा बसलाही.

तथापि पुढील दहा वर्षांतील दोन लेखांची कहाणी अगदी वेगळी आहे. १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत त्यांनी एक संख्याशास्त्रीय पद्धती मांडली. अनेक चढउतारांनी गुंतागुंतीच्या झालेल्या राशीतून तिचे मोजके मुख्य घटक वेगळे काढण्याचा मार्ग तीत दाखविला होता. थोड्याच वर्षांत कारहुनेन आणि लोएव या युरोपीय संशोधकांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली, आणि जगाने ती त्यांच्याच नावाने स्वीकारली. वाहत्या द्रवांतील खळबळीचा अभ्यास आणि चित्रांची माहिती थोडक्यात साठविण्याचे तंत्र यांत ही पद्धती आज सर्रास वापरली जाते. कोसंबींचे नाव तिच्याशी जोडण्यास पुष्कळ उशिरा सुरुवात झाली. युद्धाच्या धामधुमीत भारतात छापली गेलेली ती पत्रिका पाश्चात्त्य संशोधकांपैकी फारच थोड्यांच्या पाहण्यात आली असावी.

दुसरा लेख १९४४ चा. 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या इंग्लंडमधील पत्रिकेत तो अवघी चार पाने व्यापतो. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे संततीतील त्यांच्या फेरजुळणीच्या प्रमाणावरून काढता येते. पण हे प्रमाण अंतराशी सरळ बदलत नाही. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये त्यासाठी एक सूत्र दिले होते. मात्र गुणसूत्राची एके ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्याचा संभव घटतो, ही बाब त्या सूत्रात धरलेली नव्हती. कोसंबींनी ती हिशेबात घेऊन नवे सूत्र दिले. जीवशास्त्र हा त्यांचा अध्यापनाचा विषय नव्हता, आणि आनुवंशिकीत त्यांनी कोणतीही मोठी प्रयोगमालिका चालविली नाही. तरीही भात, गहू, मका यांच्या सुधारित वाणांसाठी जनुकांचे नकाशे काढणारे शास्त्रज्ञ आजही कोसंबी-सूत्राचा उपयोग करतात. त्यांतील कित्येकांना हेच कोसंबी इतिहासकार होते, याची कल्पनाही नसते. पानांच्या संख्येवर किंवा संशोधकाच्या विषयाच्या पाटीवर विसंबणाऱ्या कोणत्याही मापाने या चार पानांचे पुढील आयुष्य आधी सांगता आले नसते.

मापनाविषयी कोसंबींची स्वतःची दृष्टी किती सूक्ष्म होती हे त्यांच्या नाण्यांच्या अभ्यासावरून दिसते. प्राचीन भारतातील आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते आणि सनही नसतो. नुसती चिन्हे असतात. त्यांचा कालक्रम कसा लावावा, याविषयी विद्वानांत तर्कवितर्क चालत. कोसंबींनी तराजू पुढे ओढला. नाणे हातोहात फिरताना त्याची किंचित झीज होते. जितका काळ ते चलनात राहील तितके त्याचे वजन घटते, आणि नाण्यानाण्यांतील वजनाचा फरकही वाढत जातो. हे गृहीत धरण्यापूर्वी त्यांनी आपल्या काळच्या चालू नाण्यांची वजने घेतली, कारण त्यांच्यावर टांकसाळीचे साल छापलेले असते. अशी हजारो नाणी एकेक करून तोलल्यावर आणि झिजेचा नियम पडताळून पाहिल्यावरच त्यांनी तक्षशिला येथे सापडलेल्या आहत नाण्यांना तो लावला. नाण्यांच्या मागील बाजूस अधिक चिन्हे असतील तर वजन कमी भरते, असेही त्यांना आढळले. ती चिन्हे वेळोवेळी केलेल्या तपासणीची असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या अभ्यासातील शिस्त ध्यानात घेण्याजोगी आहे. वजनाचा आकडा त्यांनी स्वतःपुरता खरा मानला नाही. तो आकडा कशामुळे बदलतो, कोणत्या परिस्थितीत काय दर्शवितो आणि कोठे फसवू शकतो, हे आधी शोधले. विद्वानांच्या कार्याचे मापन करणारे लोक हीच चिकित्सा आपल्या आकड्यांना लावतील, तर पुष्कळ घोटाळे टळतील.

नाण्यांकडून ते ती पाडणाऱ्या राजांकडे वळले आणि राजांची माहिती देणाऱ्या साधनांसाठी संस्कृताकडे. घरचा वारसा होताच. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेकडो हस्तलिखित पोथ्यांचे पाठ ताडून त्यांनी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती १९४८ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. पुढे वा. वि. गोखले यांच्या सहकार्याने त्यांनी विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोशा'चे संपादन केले. १९५७ मध्ये हा ग्रंथ हार्वर्डच्या त्याच प्राच्यविद्या-मालेत निघाला, जिच्यासाठी त्यांच्या वडिलांनी एके काळी इतके श्रम केले होते.

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि कोसंबींना तेथे बोलावून घेतले. पुण्यातील घर न सोडता ते डेक्कन क्वीनने मुंबईस जा-ये करीत. १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड आणि अमेरिकेस जाऊन आले; त्या वेळी शिकागो विद्यापीठात त्यांनी भूमिती शिकविली. संस्थेतील या वर्षांत गणिताबरोबरच त्यांचा इतिहासाचा व्यासंगही वाढत गेला. सुटीच्या दिवशी ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायाखाली घालीत. अश्मयुगातील बारीक गारगोटीची हत्यारे, म्हसोबाची आणि मातृदेवतांची ठाणी, कार्ल्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या जुन्या वाटा, धनगरांच्या फिरतीचे मार्ग, या सर्वांची सांगड घालून त्यांनी लिखित साधनांत नसलेला इतिहास वाचण्याचा प्रयत्न केला. गोव्यातील जुन्या काबिजादींमधील गावकरीच्या व्यवस्थेवर त्यांनी लिहिलेला निबंध गोमंतकीय वाचकांना विशेष जवळचा वाटेल. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध झाला. १९६२ मध्ये 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हा निबंधसंग्रह आला आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील ग्रंथ लंडनहून निघाला. राजांच्या याद्यांऐवजी उत्पादनाची साधने आणि समाजाचे परस्परसंबंध यांवर त्यांनी भर दिला. त्यांच्या मार्क्सवादी मांडणीशी अनेकांचे मतभेद झाले आणि आजही होतात. पण भारतीय इतिहासलेखनाला त्यांनी नवे वळण दिले, हे विरोधकांनाही मान्य करावे लागते.

गणिताच्या संस्थेत मात्र या कार्याला कोणत्या रकान्यात बसवावे, हा प्रश्नच होता. त्यात भर पडली रीमान यांच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची. मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असलेला हा प्रश्न १८५९ पासून गणितज्ञांना आव्हान देत आला आहे. संभाव्यतेच्या मार्गाने तो सोडविता येईल, असे कोसंबींना वाटले. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये त्यांनी या दिशेचे लेख भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषदेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. जाणकारांनी ती सिद्धता ग्राह्य मानली नाही, आणि ते गृहीतक अद्यापही असिद्धच आहे. शुद्ध गणितातील एवढा मोठा दावा शेतीच्या संख्याशास्त्राच्या पत्रिकेतून करणे हेच अनेकांना हास्यास्पद वाटले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे न्यायाचे होईल. युक्तिवादात त्रुटी होती, हा निर्णय तो वाचून केलेल्या तर्कशुद्ध परीक्षणाचा होता आणि तो योग्यच होता. कोसंबींसारख्या कठोर टीकाकाराने स्वतःच्या लेखनावरील टीका अधिक मोकळ्या मनाने घेतली असती, तर बरे झाले असते. परंतु पत्रिकेच्या नावावरून उमटलेले हसू हा परीक्षणाचा भाग नव्हे. १९४३ चा लेख दूरच्या पत्रिकेत असूनही खरा होता. १९५९ चा लेखही तशाच ठिकाणी होता आणि अपुरा ठरला. पत्रिकेच्या मुखपृष्ठावरून या दोहोंतील फरक कोणालाही सांगता येणार नाही.

जून १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. या निर्णयामागे अनेक कारणे सांगितली जातात. अणुऊर्जेवरील खर्चाऐवजी सौरऊर्जेकडे लक्ष द्यावे, असे ते उघडपणे प्रतिपादन करीत. जागतिक शांतता चळवळीत त्यांचा सहभाग होता. आणि रीमान-गृहीतकाच्या प्रकरणाने त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला धक्का बसला होता. याच सुमारास त्यांचे काही गणिती लेख एस. ड्युक्रे या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. एकेकाळी काल्पनिक गणितज्ञाचा हवाला देणाऱ्या या विद्वानाने आता स्वतःच काल्पनिक नाव धारण केले होते.

१९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत त्यांचे काम पुन्हा सुरू झाले. मूळ संख्यांवरील एका ग्रंथाचे लेखन त्यांनी हाती घेतले होते. तो कधीच प्रसिद्ध झाला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास तेव्हा महिनाभर अवकाश होता.

मृत्यूनंतर मानसन्मान आले. १९८० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा हरि ओम आश्रम पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, आणि जन्मशताब्दीच्या निमित्ताने गोव्यात त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव सुरू झाला. त्यांचे निवडक गणिती आणि संख्याशास्त्रीय लेख मात्र एकत्र ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती पडण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

कोसंबींच्या हयातीतच संशोधनाच्या मोजणीचे नवे युग सुरू होत होते. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये शास्त्रीय लेखांतील संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये तशी सूची नियमित निघू लागली. तिच्यातूनच नियतकालिकाचा प्रभावांक, ज्याला सर्वत्र 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणतात, तो रूढ झाला. एखाद्या नियतकालिकातील लेखांचा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, हे तो सांगतो. मर्यादित पैशांत कोणती नियतकालिके विकत घ्यावीत हे ठरविताना ग्रंथपालांना मदत व्हावी, हा त्याचा मूळ उपयोग होता. ग्रंथालयाच्या खरेदीसाठी घडविलेला हा मापदंड पुढे माणसांच्या नेमणुका आणि बढत्या ठरवू लागला! नियतकालिकाची सरासरी त्यातील एखाद्या लेखाविषयी फारसे काही सांगत नाही, ही साधी गोष्ट मागे पडली.

भारतातही २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या संशोधनाला गुणांक देण्याची पद्धत आणली आणि लेखांची संख्या वाढविण्याची शर्यत लागली. त्या शर्यतीवर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पोसली गेली. त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी ठेवली. २०२५ मध्ये ती यादीही आयोगाने बंद केली. दरम्यान २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे चर्चिल्या गेलेल्या जाहीरनाम्याने आणि २०१५ मधील लायडन जाहीरनाम्याने एक आवाहन केले. लेख कोठे छापला यापेक्षा त्यात काय आहे हे पाहावे, आकड्यांनी जाणकारांच्या निर्णयाला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असे त्यांचे सार आहे. जगभरच्या हजारो संस्थांनी आणि संशोधकांनी पहिल्या जाहीरनाम्यावर सही केली आहे.

अर्थात मापन अजिबात नको, असे कोसंबींच्या चरित्रावरून म्हणता येणार नाही. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेला निवड करावीच लागते, आणि प्रत्येक उपेक्षित लेखकाचा लेख १९४३ च्या लेखासारखा असतो असेही नाही. कोसंबींनी नाणी तोलली तेव्हा आधी झिजेचा नियम समजून घेतला. विद्येच्या बाबतीत तसा नियम समजण्याचा उपाय म्हणजे लेख स्वतः वाचणे. त्याला वेळ लागतो, विषयाची जाण लागते आणि काही वेळा पिढीही जावी लागते. तोवर ती पाने कोणी तरी जपून ठेवावी लागतात. ज्या काळात कोसंबींचे लेख एका ठिकाणी मिळत नव्हते त्या काळात ते टिकले, ते ग्रंथालयांनी बांधून ठेवलेल्या नियतकालिकांच्या जुन्या खंडांत. १९४३ चा लेख ज्यांनी पुढे शोधून काढला, त्यांनी असाच एखादा धूळ बसलेला खंड कपाटातून काढून उघडला असला पाहिजे.